धागा: तुमसरच्या उघड्या टेकड्या, जुन्या मँगनीज खदानी आणि हिवाळ्यातली पायपीट

सातपुडा_पायवाट (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

थंडी पडली की इथं सह्याद्रीतल्या गडकोटांचे धागे भराभर वर येतात. विदर्भाचं नाव निघालंच तर ताडोबाची सफारी आणि चिखलदऱ्याचं धुकं, एवढ्यावर विषय आटोपतो. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला तुमसर तालुक्यात सातपुड्याचे फाटे थेट धानाच्या बांध्यांपर्यंत उतरतात. त्या टेकड्यांवर पायी फिरण्याविषयी मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही. मी याच तालुक्यातली, म्हणून सुरुवात मीच करते.

टेकड्या फार उंच नाहीत. पायथ्यापासून माथा गाठायला दीड तास पुरतो. खाली साग दाट आहे, वर जाल तसा विरळ होतो. माथ्यावर इकडेतिकडे सालई आणि धावडा, बाकी सगळं कुसळी गवत. पावसाळ्यात हे गवत कमरेइतकं असतं, वाट दिसत नाही. डिसेंबर लागला की ते वाळतं, झोपतं, आणि टेकडीचा अख्खा आकार उघडा पडतो. तेव्हाच कळतं की हा माथा माणसानं खणलेला आहे.

टेकडीच्या अगदी कण्यावरून एक चर जातो. कुठं पुरुषभर खोल, कुठं दोन मजली घराएवढा, मध्येच बुजलेला, पुन्हा पुढं उघडलेला. त्याच्या दोन्ही अंगांना दगडांचे ढिगारे उतरत गेलेत. एके ठिकाणी चराचं रुंद खड्ड्यात रूपांतर झालंय आणि त्यात बारमाही पाणी आहे, हिरवट निळं, तळ न दिसणारं. त्याच्या खालच्या उतारावर दगडी जोत्याचे दोन चौथरे आहेत. तिथून थोडं पुढं खनिज वाहायच्या एका टबचं, म्हणजे रुळांवरच्या लहान डब्याचं, लोखंडी चाक आसासकट पडलंय. चाकाच्या आऱ्यांमधून धावड्याचं झाड वर आलंय आणि खोडानं लोखंड पोटात घ्यायला सुरुवात केलीय. एक आरा सालीखाली पूर्ण गेला, दुसऱ्याचं गंजलेलं टोक तेवढं बाहेर आहे. साल त्या टोकाभोवती ओठासारखी जाड झालीय. मी तिथं बराच वेळ बसते दरवेळी.

टेकडीचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढं येईलच.

थंडीचं एक सांगून ठेवते. पहाटे सगळ्यात जास्त गारठा खाली बांध्यांत असतो, वर नाही. रात्री गार झालेली हवा जड होते आणि खोलगट भागात साचते. त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी निघालात तर पहिली वीस मिनिटं दात वाजतात आणि निम्मी चढण संपली की स्वेटर काढावासा वाटतो. बावनथडीच्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धुकं असेल तर तुम्ही त्याच्या वर निघता. उत्तरेकडं मध्य प्रदेशातल्या रांगा, दक्षिणेकडं सगळा पांढरा पट्टा आणि त्यातून डोकं काढलेल्या दोनचार टेकड्या.

किल्ला दिसला की आपण लगेच विचारतो, कुणी बांधला, कधी बांधला. हे चर कुणी खणले असं कुणी विचारत नाही. ते विचारायला लागावं, आणि फिरताना या खुणांना व स्वतःला सांभाळावं, एवढ्यासाठी हा धागा. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. जानेवारीत एक छोटी फेरी काढायचा विचार आहे.


घाटपांथस्थ (शनिवार, रात्री ९:५२)

ताई, फारच छान लिहिलंय. आम्ही पुण्याचे पाच जण दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एक लांबचा दौरा करतो. यंदा विदर्भ करूया असं चाललंच होतं. दोन प्रश्न. एक, जवळपास किल्ला आहे का? दुसरा, या खाणींना बोगद्याची तोंडं असतील ना? आमच्याकडे हेल्मेट, हेडटॉर्च, दोर सगळं आहे. सह्याद्रीत अंधाऱ्या लेण्यांत, भुयारी टाक्यांत बऱ्याचदा उतरलोय. आत थोडं जाऊन बघता येईल का?


गोबरवाहीकर (शनिवार, रात्री १०:१५)

किल्ला हाय ना भाऊ. आंबागड. तुमसरहून जवळच हाय. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या काळात राजा खान पठाणानं बांधला, १७०० च्या आसपासचा. तटबंदी, बुरूज अजून उभे हायेत. त्याच अंगाला गायमुख हाय, महाशिवरात्रीले मोठी जत्रा भरते. किल्ल्यावर जा, बिनधास्त जा.

बोगद्याचं मात्र इचारू नका. तिथं आमचे गुराखी बी आत पाय टाकत नाईत. एखाद्या भोकावर बोरीच्या, बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या दिसल्या तर समजून घ्या का तिथं कोनाचं तरी ढोर पडलं होतं. तारेचं कुंपन गंजून जाते, चोरीले जाते. गुराख्याच्या फांद्या दरसाल नव्या पडतेत. तेच आमच्याकडची धोक्याची पाटी.


जुना_ओव्हरमन (शनिवार, रात्री ११:३०)

पुण्याच्या मित्रांसाठी लिहितो आहे. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा. माझी सगळी नोकरी भूमिगत खाणीत झाली आणि आता निवृत्त आहे.

लेणं आणि खाण यांत मूळचाच फरक आहे. लेणं कोरणाऱ्यानं ते टिकावं म्हणून अखंड कातळ निवडून कोरलं. खाण खणणाऱ्याला खनिज काढून न्यायचं असतं. काम चालू असेपर्यंत छत उभं राहावं, एवढीच सोय तो करतो, लाकडी टेकू देऊन किंवा मध्ये खनिजाचे खांब सोडून. जाताना बरेचदा ते खांबही काढून नेले जायचे, कारण तेही खनिजच. लाकूड ऐंशी-नव्वद वर्षं दमट हवेत कुजलं की ते उभं दिसतं, पण त्याच्यावर भार नसतो. बोट लावलं तर भुसा.

छत कसं आहे हे आम्ही लोखंडी सळईनं ठोकून पाहत असू. घट्ट खडक खणखणतो. सुटलेला थर भद्द वाजतो, आणि सळईमागं दुसरा हात छताला टेकवला तर बारीक थरथर जाणवते. चालू खाणीत हे प्रत्येक पाळीला करायचं काम आहे, आणि तरीही अपघात होतात. सोडून दिलेल्या खाणीत ते कुणी कितीतरी दशकं केलेलं नाही.

दुसरी गोष्ट हवा. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो. चालू खाणीत कामाच्या जागी तो १९ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. बंद पडलेल्या कामात लाकूड कुजतं, खडकातली द्रव्यं हळूहळू प्राणवायू खातात, आणि हवा हलत नाही. मेणबत्ती घेऊन जाऊ असं बरेच जण म्हणतात. ज्योत साधारण १६-१७ टक्क्यांना विझते. म्हणजे ती विझेपर्यंत तुम्ही खराब हवेत बऱ्यापैकी आत आलेले असता. आणि या हवेला वास नसतो, डोळ्यांना झोंबत नाही. माणसाला बरंच वाटत असतं, जरा सुस्ती, आणि मग पाय ऐकत नाहीत. मागं पडलेल्याला काढायला दुसरा धावतो आणि त्याच्या शेजारीच पडतो.

तिसरी गोष्ट पायाखालची. आतल्या जमिनीतून खालच्या पातळीवर उतरणारी विहीर असते. काम संपल्यावर तिच्यावर फळ्या टाकतात. फळ्यांवर धूळ बसते, मग वरून ती जमीनच वाटते. हेडटॉर्चच्या उजेडात ओळखू येत नाही. पाण्यानं भरलेली असेल तर डबकं वाटतं.

हेल्मेट आणि दोर हा यांतल्या एकाही गोष्टीवरचा उपाय नाही. बोगद्याचं तोंड दिसलं तर बाहेरून बघा, फोटो काढा, पुढं चला.


घाटपांथस्थ (रविवार, सकाळी ७:०५)

काका, मनापासून आभार. हे कुणी इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं. आत जायचा विषय आमच्याकडून संपला. मग उघड्या माथ्यावर फिरताना काय पाळायचं तेही सांगाल का? म्हणजे चराच्या काठानं चालणं कितपत ठीक?


जुना_ओव्हरमन (रविवार, सकाळी ८:२०)

काठानं नाही. पण नेमकं कुठून चालायचं हे सांगता येतं, आणि ते समजलं की टेकडी वाचायलाही मजा येते.

या भागातले खडकाचे थर आडवे नाहीत. लुगड्याची घडी उभी करून ठेवावी तसे ते दुमडून उभे-तिरपे झालेत. मँगनीजचा थर त्या घड्यांतलाच एक. म्हणून जुने खड्डे एका रेषेत सापडतात: एक खड्डा दिसला की पुढचा त्याच ओळीत असणार. आता तो थर ज्या बाजूला तिरपा होऊन खाली जातो, त्या बाजूला खणणारेही थराचा पाठलाग करत खाली गेलेले असतात. म्हणजे चराच्या एका अंगाला पायाखाली पोकळी असू शकते आणि दुसऱ्या अंगाला भरीव खडक असतो.

चराच्या टोकाला लांब उभे राहून दोन्ही भिंती पाहा. एक भिंत चरावर ओणवी झालेली, छतासारखी पुढं आलेली दिसेल. तिच्या वरची जमीन टाळायची. दुसरी भिंत मागं रेललेली दिसेल. त्या अंगानं, काठापासून चांगलं अंतर राखून चाला. वरच्या जमिनीवर ताटलीसारखे खोलगट भाग किंवा चराला समांतर भेगा दिसल्या तर तिथून मागं फिरा. गवत वाळलेलं असतं म्हणून हिवाळ्यात या भेगा दिसतात. पावसाळ्यात हे ओळखणं माझ्यासारख्यालाही अवघड.

पाण्याच्या खड्ड्यांत उतरू नका. तलावाला उथळ काठ असतो, खाणीच्या खड्ड्याला नसतो. पाय टाकला की सरळ खोल. भिंत निसरडी, धरायला काही नाही, आणि पाणी वरून कोमट वाटलं तरी हातभर खाली थंडगार.

ढिगाऱ्यांवरून खाली धावायचा मोह होतो मुलांना. ते दगड फक्त एकमेकांवर अडकून राहिलेत. सकाळच्या दवानं बारीक चुरी ओली असली की वरचा थर सगळाच सरकतो.


दगडधोंडे (रविवार, सकाळी १०:४०)

वा! ओव्हरमन काकांनी जे थरांबद्दल लिहिलं त्यावर थोडी भर घालते. मी भूविज्ञान शिकते, नागपूरला.

या खडकांच्या समूहाला सौसर समूह म्हणतात. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट-छिंदवाडा असा तो पट्टा आहे. मूळचे हे समुद्रतळावरचे गाळ, चिखल, वाळू, चुना आणि मँगनीजयुक्त थर. पुढं ते खोल दाबले गेले, तापले, दुमडले. मँगनीज आणि वाळू जिथं एकत्र होती तिथं गोंडाइट नावाचा खडक झाला. त्यात क्वार्ट्झ आणि स्पेसारटाइन जातीचा गार्नेट असतो. तो इतका चिवट आहे की आजूबाजूचा खडक झिजून गेला तरी तो कण्यासारखा वर राहतो. म्हणून खाणी टेकड्यांच्या माथ्यावर आहेत.

उन्हात गोंडाइटचा ताजा तुकडा तिरपा धरून बघा. पांढुरक्या क्वार्ट्झमध्ये मोहरीएवढे नारिंगी-तपकिरी दाणे चमकतात, ते गार्नेट. शेजारी काळं कुळकुळीत जड काही असेल तर ते खनिज. हातात घेताच वजन जाणवतं, साध्या दगडाच्या दीडपट तरी. बोटं काळी झाली तर मऊ पायरोलुसाइट, न झाली आणि दगड पोलादासारखा लकाकला तर बहुधा ब्राउनाइट. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, म्हणजे वरून खणलेली, आहे आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत वापरलं जातं. आपल्या टॉर्चमधल्या सेलचं नातं इथवर पोचतं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

या सगळ्याचं पहिलं मोठं सर्वेक्षण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुई ली फर्मर यांनी केलं, १९०९ मध्ये ते छापून आलं. अजूनही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात.

सनावळी ज्यांना हवी त्यांच्यासाठी: भारतात मँगनीज काढायला सुरुवात विजयनगरमकडे १८९२ ला झाली. आपल्याकडे १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झालं आणि १९०० च्या सुमारास रामटेकजवळच्या मनसरपासून कामं पसरत गेली. पोलादासाठी युरोपला मँगनीज हवं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रशियाच्या बरोबरीनं भारत जगातला सगळ्यात मोठा उत्पादक होता आणि त्यातला मोठा वाटा मध्य प्रांताचा. त्याच सिंडिकेटची पुढं सीपीएमओ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर) कंपनी झाली, १९६२ मध्ये मॉयल (मँगनीज ओर इंडिया लिमिटेड), आणि १९७७ ते २०१० ती पूर्ण सरकारी होती.

ताईंनी लिहिलेल्या माथ्यावरच्या चरांसारखी बरीच छोटी कामं १९३० नंतरच्या मंदीत थांबली असावीत असं मला वाटतं. पोलादाची मागणीच कोसळली होती. भाव पडला की आधी लहान, दूरच्या, बैलगाडीनं माल वाहणाऱ्या खाणी बंद होतात.


गोबरवाहीकर (रविवार, दुपारी १:१५)

बैलगाडीचं बरोबर बोलली पोरगी. आमच्या टेकडीवरून जी चाकोरी उतरते ती खडकात घासून खोल गेली हाय. मानूस चालला तर पाय बरोबर त्या दोन खाचांत बसते. टेकडीवरून गाडीनं माल खाली, मंग रेल्वेत. तुमसर रोड ते तिरोडी ही रेल्वे लाइन मँगनीजसाठीच पडली. आता तिच्यावरून आमी बाजाराले जातो.

माझी आजी खदानीवर होती. ते खनत नव्हती. बाप्यांनी काढलेला माल बाया बसून फोडत, लहान घनानं, आनि चांगला माल एकीकडं, खराब दुसरीकडं. हातानं निवडायचा. ते सांगे, नुसतं वजन हातात घेतलं का समजे. पाहाची गरजच नाई. मंग त्याचे चौकोनी चट्टे, म्हंजे रचलेले ढीग, लावायचे, मुकादम माप घेई, त्यावर मजुरी. चट्टा आतून पोकळ लावला त मुकादम पायानं पाडून टाके आनि दिवसभराचं काम फुकट.

आजूबाजूचे गोंड लोक होते, छत्तीसगडाहून आलेले कुटुंबंच्या कुटुंबं होते. त्याईचे नातू आता इथलेच झाले.

ताई म्हनते ना, कोनी खनलं. तुमी ज्या ढिगाऱ्यावर बसून फोटो काढता, तो बायाईनं निवडून टाकलेला माल हाय. एकेक दगड कोन्या तरी बाईच्या हातून गेला हाय.


सातपुडा_पायवाट (रविवार, दुपारी २:००)

गोबरवाहीकर दादा, हे वाचून अंगावर काटा आला. मी त्या ढिगाऱ्यांवर इतक्यांदा गेले पण हे असं कधी डोळ्यांपुढं आलं नव्हतं. आजींच्या पिढीतलं अजून कुणी असेल गावात, तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवूया का? त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या घरी जाऊन.


जुना_ओव्हरमन (रविवार, दुपारी ३:२५)

जरूर करा, आणि लवकर करा. भूमिगत कामातून बायकांना १९२९ पासून काढायला सुरुवात झाली. १९५२ च्या खाण कायद्यानंही ती बंदी कायम ठेवली. थेट २०१९ मध्ये अटी घालून ती सैल केली. मधल्या काळात बायका वरच राहिल्या, निवडण्याच्या आणि वाहण्याच्या कामावर. मी नोकरीला लागलो तेव्हा हातानं निवडणाऱ्या मावश्या होत्या. त्यांच्या नजरेवर माझा आमच्या प्रयोगशाळेइतकाच भरवसा होता.


रानमेवा (रविवार, संध्याकाळी ६:४०)

माझा विषय झाडं आणि खाणं, त्यावर लिहिते.

कपडे: कुसळी गवताची कुसळं लोकरीच्या मोज्यांत आणि ट्रॅकपँटमध्ये घुसतात आणि दिवसभर टोचतात. गुळगुळीत जाड कापडाची पँट घाला, पँट मोज्यांत खोचू नका, मोज्यांवरून खाली सोडा. पहाटेसाठी कानटोपी हवीच. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, आणि आमच्याकडे उघड्या बांध्यांत वेगळं काही नसतं. पण दुपारी ऊन चांगलंच चटकतं. पाणी माणशी तीन लिटर, कारण माथ्यावर पिण्याजोगं पाणी नाही. खड्ड्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही.

जानेवारीत बोरं पिकतात, आवळे मिळतात. फेब्रुवारीत आलात तर पळस. वाटेत बांध्यांमध्ये धान उभं असतानाच ओलीवर टाकलेली लाखोळी दिसेल, निळी जांभळी फुलं. तिची कोवळी भाजी हा आमच्याकडचा हिवाळा. कुणाच्या घरी पोपटीच्या शेंगांची आमटी असेल तर नाही म्हणू नका.

ढिगाऱ्यांबद्दल एक. नुसत्या टाकाऊ दगडांवर माती नसते म्हणून झाडं धरत नाहीत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी आणि मुळांशी राहणारी बुरशी, जिवाणू वापरून झाडं वाढवली. जुन्या ढिगाऱ्यांवर तसं कुणी केलेलं नाही, तरी खालच्या कडेला जिथं पाला साचतो तिथं धावडा आणि सालई आपापली उभी राहिलीत. अशी रोपटी धरून चढू नका. मुळं उथळ असतात, झाड उपटून हातात येतं आणि पन्नास वर्षांची त्याची मेहनत जाते.


खडेवेडा (रविवार, रात्री ८:३०)

गार्नेटचं वाचून फार उत्सुकता वाटते आहे. मी खनिजांचे नमुने जमवतो, विकत नाही. टेकडीचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवाल का? चारदोन तुकडे आणले तर काय बिघडणार, नाहीतरी टाकाऊच माल आहे तो.


दगडधोंडे (रविवार, रात्री ९:०५)

दादा, तुमची आवड मला पूर्ण समजते, माझीही तीच आहे. तरी नका आणू. एक तर जमीन राखीव जंगलाची किंवा खाणपट्ट्याची असते आणि तिथून परवानगीशिवाय खनिज नेता येत नाही, मग ते टाकाऊ का असेना. दुसरं म्हणजे चरातला खडक जागेवर असताना जे सांगतो ते कपाटात सांगत नाही. कोणत्या थरात, कुठल्या बाजूला तिरपा, शेजारी काय, हे सगळं तुकडा हलला की गेलं. आणि चांगले तुकडे नेमके ओणव्या भिंतीखालीच दिसतात. काकांनी ज्या जागेबद्दल बजावलं तीच. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि मला पाठवा, मी ओळखायला मदत करीन.


सातपुडा_पायवाट (रविवार, रात्री ९:२०)

नाव मी कुणालाच कळवणार नाही, राग मानू नका. नकाशावरची खूण एकदा फिरायला लागली की पाण्याच्या खड्ड्यावर पोहायला येणाऱ्यांची रांग लागते. हे आपल्या आसपासच्या दगडखाणींच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना यायचं आहे त्यांनी आमच्यासोबत यावं.


वनवाट (सोमवार, सकाळी ६:५०)

मी बराच काळ या भागात वन्यजीवांच्या नोंदी करणाऱ्यांसोबत काम केलंय. थोडं सांगतो.

नागझिरा, कोका आणि पेंच यांच्यामधल्या जंगलांतून वाघांची ये-जा असते. तुमसर तालुक्यातले जंगलपट्टे त्याच वाटेवर आहेत. म्हणून आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घ्या. कोणत्या भागात सध्या हालचाल आहे हे वनरक्षकाला आणि वनमजुरांना आदल्या दिवशीपर्यंतचं ठाऊक असतं. त्यांनी नको म्हटलं तर नको.

वाघापेक्षा मला चिंता अस्वलाची. जुने बोगदे, कपारी ही त्यांची दिवसा झोपायची जागा. बोरं पिकली की ती माथ्यावरच्या बोरींपाशी येतात. अस्वलाला कमी दिसतं, वास चांगला येतो, पण वारा उलटा असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि घाबरलं की अंगावर येतं. म्हणून आपापसांत बोलत चाला, मोबाइलवर गाणी लावून नाही. बोगद्याच्या तोंडाशी ताजी विष्ठा, उकरलेली वारुळं दिसली तर तसेच मागं या.

हिवाळ्यात घोणस दिवसा उन्हाला येते, दगडांच्या ढिगाऱ्यात तर हमखास. हात टेकताना आधी बघा. चावलीच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. हातपाय न हलवता माणसाला उचलून न्या आणि १०८ ला फोन करा. माथ्यावर सगळीकडं रेंज नसते, तेव्हा ती कुठं येते ते जाताना बघून ठेवायचं. तुमसरला उपजिल्हा रुग्णालय आहे.

डिसेंबरअखेरीस सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. साडेचारला सगळे पायथ्याशी हवेत.

आणि बोगद्यांत वटवाघळं असतात. तोंडाशी उभं राहून टॉर्च मारणं, ओरडून घुमतंय का बघणं हेही टाळा.


घाटपांथस्थ (सोमवार, दुपारी १२:३०)

आम्ही पाचऐवजी दोघंच येतो, म्हणजे गट मोठा होणार नाही. एक शंका. खाण आतून कशी असते ही उत्सुकता आहेच. चालू खाण बघता येते का?


जुना_ओव्हरमन (सोमवार, दुपारी १:१०)

अभ्यासगटांना व्यवस्थापनाकडं रीतसर लेखी अर्ज करून विचारता येतं. चिखल्याची खाण भूमिगत आहे, डोंगरी बुजुर्गची उघडी. परवानगी देणं न देणं त्यांच्या हातात, आणि उघड्या खाणीत सुरुंगाच्या वेळा पाळाव्या लागतात. दगडधोंडे यांच्या विभागाच्या पत्रावर अर्ज गेला तर बरं. मसुदा मी लिहून देतो.


दगडधोंडे (सोमवार, दुपारी २:४५)

मॅडमना विचारलं, पत्र मिळेल म्हणाल्या. काका, मसुदा पाठवा.


सातपुडा_पायवाट (सोमवार, रात्री ९:००)

तर असं ठरवूया. जानेवारीतला दुसरा रविवार. दहा जणांच्या वर नाही. परवानगीचा अर्ज मी या आठवड्यात देते आणि वनवाट दादा माझ्यासोबत कार्यालयात येतील. आदल्या दिवशी दुपारी गोबरवाहीकर दादांच्या गावात पोचायचं आणि तिथल्या दोन आजींशी बोलायचं, त्यांनी हो म्हटलं तरच रेकॉर्डिंग. सकाळी सातला चढायला सुरुवात. पुढं ओव्हरमन काका, शेवटी वनवाट दादा, दोघांच्या मधून कुणी बाहेर पडायचं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना यावेळी नको. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडं. खडेवेडा दादा, तुम्हीही या, फोटो काढायला तुमच्यासारखी नजर हवीच आहे.


खडेवेडा (सोमवार, रात्री ९:२५)

येतो ताई. मॅक्रो लेन्स आणि मोजपट्टी आणतो. हातोडी घरीच राहील.


गोबरवाहीकर (सोमवार, रात्री ९:४०)

आजीईले इचारलं. एक हो म्हनाली, दुसरीचं पोरगं म्हनते का तिले ऐकू कमी येते, पन बसा तिच्याजवळ, बोलते ते. रात्री आमच्याकडंच जेवा. लाखोळीची भाजी, भात आनि वांग्याचं भरीत. गाद्या हायेत, चादरी मात्र आपापल्या आना, थंडी लागन. पक्के किती जन ते बुधवारपर्यंत सांगा, म्हंजे तांदूळ काढून ठेवतो.